सिबिल कमी, मुद्दल जवळपास तेवढंच. मग गृहकर्ज दुसऱ्या बँकेत न्यायचं का?

बेळगाव : ‘साहेब, गृहकर्ज चालू आहे ना? हप्ता तीन हजारांनी कमी करून देतो,’ असा फोन शहरात आणि तालुक्यात घर घेतलेल्या बहुतेकांना कधी ना कधी आलेला आहे. बोलणारा एजंट असतो. आधार, पॅन, सहा महिन्यांचं पासबुक, खरेदीपत्राची झेरॉक्स मागतो. कागद जातात, पंधरा दिवस जातात आणि मग उत्तर येतं, ‘सिबिल बसत नाही’ किंवा ‘व्हॅल्युएशन कमी आलं’. एजंट दुसऱ्या बँकेचं नाव काढतो, मग तिसऱ्या. कर्ज आहे तिथंच राहतं आणि सिबिल रिपोर्टमध्ये चार ठिकाणच्या चौकशांची नोंद मात्र वाढते.

यात एक गंमत आहे, कडू आहे पण आहे. ज्याचा पगार बँकेत जमा होतो, सिबिल चांगलं आहे, घराची निम्मी किंमत फिटली आहे, त्याच्या मागे बँका लागतात. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत रोखीवर काम करणारा, किंवा रिटर्न न भरणारा छोटा दुकानदार, घर घेतानाच राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारातून परत आलेला असतो. त्याला कर्ज मिळतं ते हाउसिंग फायनान्स कंपनीकडून आणि तेही महाग. म्हणजे व्याज उतरायची गरज ज्याला सर्वात जास्त, त्यालाच कर्ज हलवणं सर्वात अवघड.

रेपो उतरला, आपला हप्ता का नाही?

२०२५ च्या सुरुवातीला रेपो दर ६.५० टक्के होता. फेब्रुवारी, एप्रिल, जून आणि डिसेंबर अशा चार वेळा कपात होऊन वर्षअखेर तो ५.२५ टक्क्यांवर आला. बातम्या सगळ्यांनी वाचल्या, पण फायदा सगळ्यांना सारखा झाला नाही.

१ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी फ्लोटिंग गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडावी लागतात आणि किमान तीन महिन्यांतून एकदा व्याज बदलावं लागतं. त्यामुळे बँकेच्या कर्जदाराचं व्याज रेपोबरोबर खाली आलं. हा नियम हाउसिंग फायनान्स कंपन्यांना लागू नाही. त्यांचा दर त्यांच्या स्वतःच्या मूळ दराला जोडलेला असतो आणि तो कधी, किती उतरवायचा हे कंपनी ठरवते. वर जाताना हा दर लगेच जातो, खाली येताना मात्र कंपनी सावकाश असते, असा अनेक कर्जदारांचा अनुभव आहे. नव्या ग्राहकाला स्वस्त आणि जुन्याला महाग, असंही एकाच कंपनीत चालतं.

तीन वर्षं भरलं, मुद्दल किती फिटलं?

एक हिशेब करून बघू. समजा, २० लाखांचं कर्ज, मुदत २० वर्षं, व्याज ११.५ टक्के. हप्ता येतो सुमारे २१,३२९ रुपये. तीन वर्षं एकही हप्ता न चुकवता भरले तर एकूण भरले ७ लाख ६७ हजारांच्या वर. त्यात मुद्दलात गेले फक्त सुमारे ९२ हजार. बाकी पावणेसात लाख व्याज. म्हणजे तीन वर्षांनंतरही डोक्यावर १९ लाख ८ हजार उभेच.

कर्ज हलवताना नवी बँक हाच आकडा घराच्या किमतीशी ताडून बघते. घराच्या किमतीतून शिल्लक कर्ज वजा केलं की उरतो तो आपला खरा हिस्सा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देता येतं, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के. ही कमाल मर्यादा आहे. एवढं द्यायलाच पाहिजे असं नाही. सिबिल कमी असेल तर बँका आपल्या धोरणानुसार ८० किंवा ७५ टक्क्यांवरच थांबतात.

वरच्या उदाहरणात घराचं व्हॅल्युएशन २२ लाख आलं असं धरू. १९ लाख ८ हजार म्हणजे जवळपास ८७ टक्के. नियमात बसतं. पण बँक ८० टक्केच देते म्हणाली, तर मिळणार १७ लाख ६० हजार. उरलेले १ लाख ४८ हजार खिशातून भरल्याशिवाय जुनी कंपनी खातं बंद करणार नाही. हे पैसे पर्सनल लोन किंवा सोसायटीचं कर्ज काढून भरायचं म्हटलं तर त्याचं व्याज गृहकर्जापेक्षा बरंच जास्त असतं. मग तिकडं वाचलेलं इकडं जातं.

आपल्या भागात आणखी एक भानगड आहे, ती उघड बोलली जात नाही. घर घेताना मुद्रांक शुल्क वाचवायला खरेदीपत्रात किंमत कमी दाखवायची, बाकी रोख द्यायची, हा प्रकार सर्रास चालला. २४ लाखांचं घर कागदावर १७ लाखांचं. तेव्हा चार पैसे वाचले, पण आता नवी बँक कागद बघते. बाजारभाव काढायला बँकेचा व्हॅल्युअर येतो हे खरं, तरी काही बँका खरेदीपत्रातली किंमत आणि व्हॅल्युएशन यात जे कमी असेल तेच धरतात, निदान खरेदीला फार वर्षं झाली नसतील तर. मंजूर नकाशापेक्षा जास्त बांधलेली खोली, वर चढवलेला पत्र्याचा मजला हेही व्हॅल्युएशनमध्ये धरलं जाईलच असं नाही.

सिबिल कमी म्हणजे नेमकं काय?

स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. ७५० च्या आसपास किंवा वर असेल तर बँकेचा चांगला दर मिळतो. खाली आलं की दर वाढत जातो आणि फार खाली गेलं की अर्जच पुढे सरकत नाही. रिझर्व्ह बँकेने अमुक स्कोअरखाली कर्ज देऊ नका असा आकडा ठरवून दिलेला नाही, प्रत्येक बँक आपापलं ठरवते. म्हणून एका बँकेने नाकारलं म्हणजे सगळीकडची दारं बंद झाली असंही नाही.

एजंटला कागद देण्याआधी आपला रिपोर्ट आपण बघावा. देशात सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या हे काम करतात आणि प्रत्येकीकडून वर्षातून एक संपूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्याने स्कोअर कमी होत नाही. बँकेकडे अर्ज केल्यावर बँक बघते ती चौकशी वेगळी, तिची नोंद होते. महिनाभरात अशा पाच-सहा चौकशा दिसल्या की पुढची बँक बिचकते.

रिपोर्ट उघडल्यावर अनेकांना धक्का बसतो. गृहकर्जाचे हप्ते वेळेवर असतात, स्कोअर पडलेला असतो भलत्याच कारणाने. मोबाइल हप्त्यावर घेतला, शेवटचे हजार-दीड हजार थकीत राहिले. क्रेडिट कार्ड वापरणं बंद केलं, पण वार्षिक शुल्क चढत राहिलं. मेहुण्याच्या कर्जाला बँकेत जामीन राहिला, त्याने भरलं नाही, नोंद जामीनदाराच्याही रिपोर्टमध्ये. सीमाभागात सहकारी बँका आणि सोसायट्यांचं जाळं मोठं, एकमेकांना जामीन राहणं हा तर शेजारधर्म. सही करताना कोणी विचार करत नाही, आणि सात-आठ वर्षांनी गृहकर्जाच्या टेबलावर ते समोर येतं.

चुकीच्या नोंदीही सापडतात. एकाच गल्लीत एकाच नावाचे तीन पाटील असले की एकाचं कर्ज दुसऱ्याच्या नावावर दिसू शकतं. अशी चूक त्या कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार करून दुरुस्त करून घेता येते. ३० दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे. खरोखर थकलेली रक्कम असेल तर पूर्ण भरून ‘क्लोज्ड’ नोंद करून घ्यावी. निम्म्यात मिटवलं तर ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि गृहकर्ज देणारे त्याच्याकडे संशयाने बघतात. बँकांना जानेवारी २०२५ पासून किमान दर पंधरा दिवसांनी ही माहिती कळवावी लागते, त्यामुळे भरल्याचं पूर्वीपेक्षा लवकर दिसतं. पण जुना उशीर पुसला जात नाही. त्याच्यावर वर्षभराचे वेळेवर भरलेले हप्ते चढावे लागतात.

आधी स्वतःच्याच कंपनीत जा

सिबिल कमी आणि घरात हिस्सा थोडा, अशा माणसाने पहिली खेप नव्या बँकेत घालू नये. ज्या कंपनीचं कर्ज चालू आहे तिच्याच शाखेत जावं आणि व्याजदर कमी करून द्या, असा लेखी अर्ज द्यावा. कारण साधं आहे. नवी बँक सगळं पहिल्यापासून तपासते : सिबिल, उत्पन्न, कागद, व्हॅल्युएशन. जुन्या कंपनीकडे कागद आधीच आहेत, घर तारण आहे, आणि तीन वर्षं हप्ते वेळेवर आले हे तिच्याच वहीत आहे. तिथं घराचं नवं व्हॅल्युएशन सहसा निघत नाही. नवीन तारण नोंदणी नाही, नवा मुद्रांक खर्च नाही.

यासाठी कंपनी बदल शुल्क घेते. ते शिल्लक कर्जाच्या अर्धा टक्का धरलं तर वरच्या उदाहरणात सुमारे ९,५४० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११,२५० च्या आसपास. बदल्यात व्याज ११.५ चं १०.५ झालं आणि मुदत तीच १७ वर्षं राहिली, तर हप्ता २०,०८८ वर येतो. महिन्याला सुमारे १,२४० ची बचत, शुल्क नऊ-दहा महिन्यांत वसूल.

आणि ज्याला जमेल त्याने हप्ता कमी करूच नये. दर कमी करून घ्यावा आणि हप्ता जुनाच, २१,३२९ चालू ठेवावा. मग २०४ महिन्यांचं कर्ज सुमारे १७५ महिन्यांत फिटतं, जवळजवळ अडीच वर्षं आधी. सहा लाखांच्या वर रक्कम वाचते आणि दरमहा मुद्दलात जास्त जात असल्याने घरातला आपला हिस्साही लवकर वाढतो.

काउंटरवरचा माणूस ‘असं काही होत नाही’ म्हणेल. दुसऱ्या बँकेच्या दराचा छापील कागद सोबत न्यावा, अर्जाची पोच घ्यावी, आणि ‘नाहीतर खातं बंद करण्याचं पत्र द्या’ असं सांगावं. हप्ते नियमित भरणारा ग्राहक सोडायला कोणालाच आवडत नाही. पहिल्या फेरीत न मिळालेला दर या पत्राच्या मागणीनंतर निघाल्याची उदाहरणं आहेत.

हप्ता कमी, कर्ज जास्त

कंपनी ऐकत नसेल आणि नवी बँक तयार असेल, तर हिशेब नीट मांडावा. एजंटचं गणित बहुतेक वेळा हप्त्यावर थांबतं. वरचंच कर्ज १०.५ टक्क्यांनी दुसरीकडे नेलं, पण मुदत परत २० वर्षांची केली, तर हप्ता १९,०४५ येतो. महिन्याला जवळपास २,२८० रुपये वाचले असं वाटतं. पण २४० हप्त्यांचे एकूण होतात ४५ लाख ७० हजार. आहे तिथंच राहिला असता तर उरलेल्या २०४ हप्त्यांचे झाले असते ४३ लाख ५१ हजार. म्हणजे व्याजदर एक टक्का उतरून, धावपळ करून, वर सव्वादोन लाख जास्त भरले. फॉर्मवर मुदतीच्या रकान्यात किती वर्षं लिहिली आहेत, हे सही करण्याआधी बोट ठेवून बघावं.

ज्याचं घर हप्त्यापायी खरंच ओढाताणीत आहे, मुलांची फी थकते आहे, त्याने मुदत वाढवली तर ते समजण्यासारखं आहे. पण ते माहीत असून करावं.

मुदत १७ वर्षंच ठेवली तर हप्ता तोच २०,०८८, पण खर्च वेगळा. प्रोसेसिंग फी, वकिलाचा शोध अहवाल, व्हॅल्युअरची फी, तारणाची नोंदणी आणि मुद्रांक, उपनिबंधक कार्यालयातल्या फेऱ्या. हे सगळं मिळून ३० हजार धरलं तर १,२४० च्या बचतीतून वसूल व्हायला दोन वर्षं. ‘प्रोसेसिंग फी माफ’ या जाहिरातीत बाकीचे खर्च माफ नसतात. आणि सिबिल चांगलं असतं, ९ टक्के मिळाले असते, तर हप्ता १८,२९० आला असता, बचत तीन हजारांवर आणि खर्च दहा महिन्यांत वसूल. एजंट फोनवर सांगतो तो हा आकडा. तो खोटं बोलत नाही, फक्त कोणत्या ग्राहकाला तो दर मिळतो हे सांगत नाही.

जुन्या कंपनीकडून दंड लागेल का, ही भीती अनेकांना असते. घरासाठी व्यक्तीच्या नावावर घेतलेल्या फ्लोटिंग दराच्या कर्जाला मुदतीआधी फेडल्याचं शुल्क लावता येत नाही. बँकांना तर हे २०१२ पासून बंद आहे. मात्र पहिली दोन-तीन वर्षं ‘फिक्स्ड’ दर असलेली कर्जंही आहेत. त्या काळात मंजुरीपत्रात लिहिलेलं शुल्क लागू शकतं, ते वाचून घ्यावं.

टॉप-अपचं आमिषही इथंच येतं. ‘कर्ज हलवताना वर दोन लाख देतो.’ हिस्सा थोडा असताना वर आणखी उचल केली, की घराच्या किमतीइतकंच कर्ज उभं राहतं. उद्या अडचण आली आणि घर विकायची वेळ आली, तर हातात काही उरत नाही. कर्जासोबत एकरकमी विमा चिकटवला आहे का, तेही बघावं. त्याचा हप्ता कर्जातच मिळवलेला असतो आणि त्यावरही वीस वर्षं व्याज बसतं.

कागद कन्नडमध्ये, करार इंग्रजीत, सही मराठी माणसाची

कर्ज हलवण्याचे अनेक अर्ज सिबिलवर नाही, उताऱ्यावर अडतात. बुडाच्या किंवा रीतसर एनए झालेल्या लेआउटमधलं घर असेल तर अडचण कमी. पण शहराच्या कडेच्या गावांत एनए न झालेल्या शेतजमिनीत गुंठ्यांचे प्लॉट पाडून विकले गेले. अशा घरांना काही हाउसिंग कंपन्यांनी जास्त व्याजाने कर्ज दिलं, राष्ट्रीयीकृत बँक ते घेणार नाही. तिथं सिबिल ८०० असलं तरी उपयोग नाही. म्हणून आधी ग्रामपंचायत हद्दीत ई-स्वत्तूचे फॉर्म ९ आणि ११, शहरात ई-आस्थीचा ई-खाता, आणि बोजा दाखवणारं ईसी काढून बघावं. नावात, क्षेत्रफळात किंवा चतुःसीमेत फरक असेल तर तो आधी दुरुस्त करावा, मग बँकेत जावं.

भाषेबद्दल एक गोष्ट फार जणांना माहीत नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांना बँक किंवा कंपनीने ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं बंधनकारक आहे. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक व्याजाचा खरा दर, फी आणि हप्त्यांचा तक्ता असतो. आणि ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत असावं, असं रिझर्व्ह बँकेने म्हटलं आहे. मराठीत मागता येतं. मागितल्याशिवाय मात्र बहुधा मिळत नाही.

हप्ते आधीच थकले असतील तर?

मग कर्ज हलवण्याचा विषय तूर्त बाजूला ठेवावा. दुसरी बँक साधारणपणे गेल्या बारा महिन्यांचे हप्ते बघते आणि थकीत खातं घेत नाही. ९० दिवसांच्या वर थकलं की खातं एनपीए होतं. त्यानंतर सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येते आणि पुढचा टप्पा घराच्या ताब्याचा असतो. त्यामुळे पहिला हप्ता चुकताच शाखेत जाऊन, नोकरी गेली असेल किंवा आजारपण असेल तर त्याचे कागद दाखवून, मुदत वाढवून हप्ता कमी करून मागावा. पत्नीचं किंवा कमावत्या मुलाचं सिबिल चांगलं असेल तर पुढे कर्ज हलवताना त्यांना सहकर्जदार घेता येतं. मात्र सहकर्जदार म्हणजे पूर्ण कर्जाचा देणेकरी, हे घरात बसून आधी बोलून घ्यावं.

कंपनी दाद देत नसेल तर आधी तिच्याकडेच लेखी तक्रार करायची. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे आणि हाउसिंग फायनान्स कंपनीविरुद्ध नॅशनल हाउसिंग बँकेच्या ‘ग्रिड्स’ या पोर्टलवर जाता येतं.

कर्ज दुसरीकडे गेलंच, तर जुन्या कंपनीचं ‘काही देणं नाही’ असं पत्र, मूळ कागदांची यादी आणि ईसीवरचा जुना बोजा उतरल्याची नोंद, ही तिन्ही हातात आल्याशिवाय काम संपलं असं धरू नये. पूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद सोडावे लागतात आणि कंपनीच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. कागद परस्पर नव्या बँकेकडे जाणार असले, तरी कोणत्या तारखेला कोणते कागद गेले त्याची सहीशिक्क्याची प्रत आपल्याकडे मागून घ्यावी.